कोकम, पुदिना आणि व्हिस्की: कोकणातल्या उकाड्यासाठी घरी बनवायचं कॉकटेल

एप्रिल-मेमध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गात संध्याकाळी वारा पडला की व्हिस्की नुसत्या पाण्याबरोबर जड वाटते. मग हात कोल्ड्रिंककडे जातो आणि व्हिस्कीची चव साखरेखाली गाडली जाते. त्यापेक्षा घरातलंच कोकम, परसातला पुदिना आणि एक लिंबू घेतलं तर पेय थंडगार लागतं आणि व्हिस्कीही व्हिस्कीच राहते. अट एकच, कोण काय काम करतं हे ओळखून प्रत्येकाला तेवढंच काम द्यायचं. कोकम आंबटपणा आणि रंग देतं, पण त्याला स्वतःचा वास फार थोडा. वास पुदिन्याने आणि लिंबाच्या सालीने आणायचा. लिंबाचा रस कोकमाच्या मऊ आंबटपणाला धार देतो. चिमूटभर मीठ कडवटपणा दाबतं. या चौघांपैकी एकाने दुसऱ्याच्या कामात हात घातला की पेय बिघडतं, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

कोकम कुठलं घ्यायचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण बाजारात कोकमाच्या नावाने तीन वेगळ्या गोष्टी मिळतात.

आगळ म्हणजे रातांब्याचा (कोकमाच्या फळाचा) मीठ घालून टिकवलेला घट्ट रस. सोलकढीला तोच हवा, पण कॉकटेलमध्ये त्याच्या मिठाने तोंड खारट होतं. दुसरं काहीच नसेल तर एका ग्लासाला फार तर 5 मिली आगळ घ्या, गोडीसाठी साधा साखरेचा पाक 20 मिली घाला आणि वेगळं मीठ अजिबात घालू नका.

बाटलीतलं तयार कोकम सरबत सोपं वाटतं, पण त्यात बहुतेकदा जिरं आणि मीठ असतं. सरबतात जिरं छान लागतं, व्हिस्कीबरोबर मात्र ते सगळ्यांवर कुरघोडी करतं. बाटलीमागचे घटक वाचा. जिरं नसलेलं सापडलं तर 20 मिली पुरतं, कारण ते घरच्या पाकापेक्षा गोड असतं.

तिसरी आणि या कामाला सगळ्यात योग्य ती सुकी सोलं, म्हणजे रातांब्याच्या वाळवलेल्या साली. आमसुलं करताना साली खारवलेल्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवतात, त्यामुळे नेहमीच्या आमसुलात मीठ असतंच. दुकानात बिनमिठाची सोलं मागून घ्या. ती मिळाली नाहीत तर साधी आमसुलं थंड पाण्यात दोनदा पटकन खळबळून घ्या आणि पाककृतीतलं चिमूटभर मीठ वगळा. चांगलं सोल बोटांत दाबलं की वाकतं, तुटत नाही, आणि आतून गडद लाल-जांभळं दिसतं. काळंठिक्कर, कडक झालेलं जुनं सोल आंबट असतं, पण रंग देत नाही.

कोकमाचा पाक

30 ग्रॅम सोलं, 180 मिली पाणी आणि साधारण 140 ग्रॅम साखर, एवढ्यात सव्वादोनशे मिलीच्या आसपास पाक होतो. नऊ ग्लासांना पुरतो.

पाणी गरम करा, पण उकळतं नको. बोट बुडवून एक-दोन सेकंद जेमतेम ठेवता येईल इतपतच. सोलं त्यात घालून झाकून 40 मिनिटं ठेवा, मग हाताने चांगली कोळा आणि रस गाळणीतून किंवा मलमलीतून गाळून घ्या. सोलं पाण्यात उकळली की साराची शिजकी चव येते. लाल रंग तपकिरीकडे झुकतो, कारण कोकमाचा रंग देणारी अँथोसायनिन्स उष्णतेने मोडतात. चोथा टाकू नका. त्यात अजून आंबटपणा शिल्लक असतो, बांगड्याच्या तिखल्यात घालता येतो.

रस वजनकाट्यावर मोजा आणि तेवढ्याच वजनाची साखर घाला. 140 ग्रॅम रस निघाला तर 140 ग्रॅम साखर. गॅसवर ठेवायची गरज नाही, कोमट रसात चमचा फिरवत राहिलं की पाच-सात मिनिटांत साखर विरघळते. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियम आणि कल्हई नसलेलं पितळ किंवा तांबं टाळा, कारण कोकमातलं आम्ल धातूला खातं. त्यातून चव धातूसारखी होते आणि रंगही मळतो.

हा पाक फ्रीजमध्ये दहा-बारा दिवस टिकतो. बाटलीत एक टेबलस्पून व्हिस्की ओतून ठेवली तर आणखी थोडे दिवस मिळतात. झाकण उघडताना फुस्स आवाज आला किंवा वर पांढरा थर दिसला तर पाक आंबला आहे, फेकून द्या.

मे महिन्यात ताजे रातांबे हाताशी असतील तर सुक्या सोलांच्या मागे लागू नका. रातांबे धुऊन, पुसून अर्धे कापा आणि बिया-गर बाजूला काढा. सालीच्या वाट्यांत साखर भरून त्या काचेच्या बरणीत रचा. साखर सालीच्या वजनाच्या दुप्पट. बरणीचं तोंड फडक्याने बांधून सात-आठ दिवस उन्हात ठेवायची आणि रोज एकदा हलवायची. सुटलेला रस गाळला की झाला अमृत कोकमचा पाक. तो जास्त गोड असल्याने ग्लासाला 15 ते 20 मिलीच पुरतो. पाण्याचा एक थेंबही बरणीत जाता कामा नये, नाहीतर मृगाआधीच बुरशी धरते.

व्हिस्की

भारतातल्या बहुतेक बाटल्यांवर 42.8 टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं आणि पुढची मापं तेच धरून दिली आहेत. यासाठी महागडी बाटली उघडू नका. लिंबू आणि कोकमापुढे बारा वर्षं मुरलेल्या माल्टचे बारकावे कळतच नाहीत. मध्यम किमतीची, फार गोड नसलेली ब्लेंडेड व्हिस्की चालते. अमेरिकन बर्बन फारच चांगली जुळते, कारण जाळलेल्या नव्या ओक पिंपातून तिला आलेली व्हॅनिला-कॅरामेलची चव कोकमाच्या आंबटपणाला गोलाई देते. सिंगल माल्टच घ्यायची असेल तर गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणाऱ्या पॉल जॉनची पीट नसलेली, म्हणजे धुरकट वास नसलेली बाटली घ्या. इथल्या उकाड्यात पिंपातली दारू स्कॉटलंडपेक्षा कितीतरी झपाट्याने मुरते आणि तिच्यात फळाची, मधाची चव उतरते. धुरकट, पीटचा वास असलेली स्कॉच मात्र नको. तो धूर आणि पुदिना एकमेकांशी भांडतात, औषधासारखा वास येतो.

महाराष्ट्रात दारू विकत घेण्यासाठी, बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो, आणि व्हिस्कीसाठी वयाची अट 25 वर्षं आहे. गोव्यातली स्वस्त बाटली परवान्याशिवाय सीमेवरच्या बांद्याच्या नाक्यावरून महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. इथलीच घ्या.

बर्फ

कोकणात कॉकटेल फसतं ते जास्त करून बर्फामुळे. हवा दमट असते. थंड ग्लासाच्या बाहेर जे पाणी जमतं ते हवेतल्या वाफेचं, आणि वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. ग्लासावर एक ग्रॅम दव जमलं की तेवढ्या उष्णतेने आतला सुमारे सात ग्रॅम बर्फ वितळू शकतो. कोरड्या हवेच्या गावात अर्धा तास थंड राहणारा ग्लास वेंगुर्ल्याच्या व्हरांड्यात पंधरा मिनिटांत पातळ होतो, तो यामुळे. उपाय दोन. ग्लास दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून मगच भरायचा. आणि बर्फ कमी नाही, जास्त घालायचा. बर्फ जास्त असला की पेय लवकर गार होतं आणि मग वितळणं मंदावतं. दोन खडे टाकले तर दोन्ही लगेच विरघळतात आणि हातात कोमट, पाणचट पेय उरतं.

ट्रेमधले छोटे खडे केवळ हलवण्यासाठी ठेवा. ग्लासात मोठा तुकडा हवा. स्टीलच्या झाकणाच्या चपट्या डब्यात उकळून गार केलेलं पाणी भरून बर्फ करा आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडा. झाकण महत्त्वाचं आहे, कारण आपल्या फ्रीजरमध्ये सुरमई आणि कोलंबी असते, आणि उघडा बर्फ दोन दिवसांत तो वास ओढून घेतो. असा एक खडा अख्ख्या ग्लासाची वाट लावतो. बंदरावर मिळणारा लादीचा बर्फ मासळीसाठी असतो, तो पेयात कधीही घालू नका. वीज जाण्याचे दिवस असतील तर फोडलेला बर्फ थर्मासमध्ये भरून ठेवा, दोन-तीन तास सहज निभतो.

एका ग्लासासाठी

व्हिस्की 45 मिली
कोकमाचा पाक 25 मिली
लिंबाचा ताजा रस 15 मिली
पुदिन्याची पानं 8 ते 10, आणि सजवायला एक शेंडा
मीठ एक चिमूट
थंड सोडा 60 मिली
लिंबाच्या हिरव्या-पिवळ्या सालीची बोटभर पट्टी
बर्फ

पेगचं माप नसेल तर खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणारं मिलीच्या खुणांचं टोपण धुऊन घ्या, ते या कामापुरतं चालतं. अंदाजाने ओतू नका. पाच मिली लिंबू इकडचं तिकडे झालं तरी या पेयाचा तोल जातो. शेकरऐवजी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा किंवा जाड काचेची बरणी चालते.

पुदिना आधी धुऊन पाणी पूर्ण झटकून टाका. पावसाळ्यात पानांना रेती चिकटलेली असते, ती दातांखाली आली की मजा जाते. पानं देठावरून खुडून डब्याच्या तळाशी टाका, त्यावर कोकमाचा पाक आणि मीठ घाला आणि लाटण्याच्या टोकाने चार-पाच वेळा हलकेच दाबा. ठेचायचं नाही, वाटायचं तर मुळीच नाही. पुदिन्याचं तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींमध्ये असतं, ते नुसत्या दाबाने सुटतं. पान फाटलं, चुरडलं की आतला गवतासारखा कडू रस बाहेर येतो, आणि तो नंतर साखरेने झाकत नाही. दाबून झाल्यावर पानं गडद, ओलसर दिसली पाहिजेत, पण अखंड. डब्यावर नाक नेलं की वास भरून आला पाहिजे.

आता लिंबाचा रस आणि व्हिस्की ओता. लिंबू आयत्या वेळी पिळा आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिळवटू नका, कारण जास्त दाबलं की सालीतला आणि बियांतला कडवटपणा उतरतो. सहा-सात खडे बर्फ घाला, झाकण घट्ट लावा, डबा फडक्यात धरा आणि बारा ते पंधरा सेकंद जोरात हलवा. हात डब्याला चिकटेल इतका गार झाला की पुरे. हलवताना पेयात थोडं पाणी उतरतं, ते हवंच असतं, त्याने व्हिस्कीची झणझण कमी होते. आतली हवा गार होऊन आकसते म्हणून झाकण अडकून बसतं. ओढाताण करू नका, कडेवर तळहाताने एक थाप मारली की सुटतं.

फ्रीजरमधला ग्लास बाहेर काढा, बर्फाच्या मोठ्या तुकड्यांनी काठोकाठ भरा आणि चहाच्या गाळणीतून पेय त्यात गाळा. मग सोडा ग्लासाच्या कडेने सावकाश ओता आणि चमचा तळाशी नेऊन एकदाच वर उचला. यापेक्षा जास्त ढवळलं तर बुडबुडे जातात. सोडा डब्यात घालून कधीही हलवू नका, झाकण उडून भिंती लाल होतात. गोटी सोडा वापरायचा तर साधा आहे याची खात्री करून घ्या, लिंबाची गोड चव घातलेला नको.

शेवटचं काम वासाचं, आणि ते टाळू नका. लिंबाची साल सोलाण्याने पातळ काढा, पांढरा भाग येऊ देऊ नका. ती ग्लासावर धरून पिरगळा, तेलाचे बारीक तुषार पेयावर पडलेले उजेडात दिसतात. साल काठावर फिरवून ग्लासात सोडा. पुदिन्याचा शेंडा एका तळहातावर ठेवून दुसऱ्याने एक टाळी द्या आणि नाकाजवळ येईल असा खोचा. या पेयात वास आणणारं दुसरं काही नाही, त्यामुळे शेंडा नसेल तर निम्मी गंमत गेली.

एका ग्लासात साधारण 15 ग्रॅम अल्कोहोल असतं. आंबटगोड चवीमुळे ते जाणवत नाही आणि दमट हवेत तहान लागलेली असते, म्हणून शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा आणि दोनवर थांबा. नंतर घाटातून गाडी नको आणि समुद्रात उतरणं तर अजिबात नको.

बिघडलं तर

जास्त गोड झालं असेल तर 5 मिली लिंबू आणि किंचित मीठ घाला. जास्त आंबट झालं तर 5 मिली पाक. पाणी ओतून तोल साधायला जाऊ नका, त्याने सगळंच फिकं होतं.

घोट घेतल्यावर जिभेच्या मागे कडू लागलं तर पुदिना ठेचला गेला आहे किंवा सालीबरोबर पांढरा भाग आला आहे. यावर इलाज नाही, पुन्हा करा. सगळं बरोबर घालूनही चव बोथट वाटली तर बहुतेक मीठ राहिलेलं असतं. चार दाणे घालून बघा, फरक लगेच कळतो.

रंग लालभडकऐवजी मळकट जांभळा आला तर आंबटपणा कमी पडला आहे. कोकमाचा रंग आम्लात लाल राहतो आणि आम्ल कमी झालं की जांभळ्याकडे सरकतो. खाण्याचा सोडा घातलेलं पाणी किंवा क्षारयुक्त बोअरचं पाणी वापरलं की हे होतं. लिंबाचे काही थेंब पडले की रंग परत येतो.

सोलकढीत व्हिस्की घालून बघण्याचा मोह काहींना होतो. नारळाचं दूध आम्ल आणि अल्कोहोलमध्ये फाटून गुठळ्या होतात आणि दोन्ही चवी वाया जातात.

हंगामाप्रमाणे बदल

मार्च-एप्रिलमध्ये कैरी घ्या. मध्यम कैरी उकडून गर काढा, गराइतकीच साखर किंवा गूळ घाला. 100 मिली गरम पाण्यात गवती चहाची दोन पानं दहा मिनिटं झाकून ठेवा आणि ते पाणी गाळून गरात मिसळा. पुन्हा बारीक गाळणीतून गाळा, नाहीतर तंतू घशाशी अडकतात. ग्लासाला हा पाक 30 मिली, लिंबू 5 मिली, पुदिना नाही. गूळ आणि व्हिस्की एकमेकांना फार छान धरतात, या प्रकारात साखरेपेक्षा गूळच घ्या.

अननस असेल तर चार-पाच फोडी डब्यात चांगल्या ठेचा (फळ ठेचायला हरकत नाही, पान नको), तुळशीची चार पानं हलकी दाबा, लिंबू 15 मिली, साधा पाक 10 मिली. हलवल्यावर अननसाचा फेस येतो, तो गाळताना राहू द्या. तुळस चारहून जास्त झाली की लवंगेसारखा वास पुढे येतो आणि फळ मागे पडतं.

जांभळाला तुरटपणा असतो आणि व्हिस्कीलाही ओकचा थोडा, दोन्ही मिळून तोंड आवळतं. म्हणून आठ-दहा पिकलेलीच जांभळं, हाताने कुस्करून, पाक 20 मिली आणि मीठ नक्की. हापूस मात्र यात घालू नका. त्याचा दाट गर व्हिस्कीला बुडवतो आणि आंबाही वाया जातो. तो कापून शेजारी ठेवा.

पाहुणे आले तर

आठ जणांसाठी एक-एक ग्लास हलवत बसू नका. व्हिस्की 360 मिली, कोकमाचा पाक 200 मिली, लिंबू 120 मिली, मीठ पाव चमच्याहून किंचित जास्त आणि थंड पाणी 200 मिली एका काचेच्या जगमध्ये एकत्र करून फ्रीजमध्ये दोन तास ठेवा. पाणी मोजून घालायचं कारण हलवताना बर्फातून जे उतरलं असतं ते इथे उतरत नाही. लिंबाचा रस शेवटच्या तासात घाला, आधी पिळून ठेवलेला शिळा लागतो. पुदिना जगमध्ये नको, तासाभरात काळा पडतो. प्रत्येक ग्लासात दोन-तीन पानं टाळी देऊन टाका, बर्फ भरा, जगमधलं 110 मिली ओता आणि वर 60 मिली सोडा. बरोबर भाजलेले काजू किंवा कुरकुरीत मांदेली. फार तिखट तळण नको, जळजळलेल्या जिभेला पुदिना कळत नाही.

न पिणाऱ्यांसाठी हेच पेय व्हिस्कीऐवजी 45 मिली थंड, कडक, बिनदुधाच्या चहाने करा. चहाचा तुरटपणा व्हिस्कीच्या ओकची जागा बरीचशी भरून काढतो आणि ग्लास नुसत्या सरबतासारखा लागत नाही. चहा पत्तीबरोबर तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. त्यांचा जग वेगळा ठेवा आणि त्यावर खूण करा, कारण दोन्हींचा लाल रंग सारखाच दिसतो.